पक्षाघातानंतरची रोजची गोळी: ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल घरी सांभाळताना

घरातल्या कुणाला पक्षाघाताचा झटका येऊन गेला, किंवा दहा-पंधरा मिनिटं तोंड वाकडं झालं, बोबडी वळली आणि सगळं आपोआप पूर्ववत झालं, की दवाखान्यातून सुटताना मिळणाऱ्या औषधांच्या पिशवीत बहुतेक वेळा ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा ही दोन्ही असतात. डिस्चार्जच्या गडबडीत डॉक्टर जे सांगतात त्यातलं निम्मं बिल भरायच्या रांगेतच विसरायला होतं. मग घरी आल्यावर प्रश्न सुरू होतात. जेवणाआधी की नंतर? दात काढायचा तर गोळी बंद करायची का? ताप आला तर काय द्यायचं?

घरात गोळ्यांचा हिशेब जो ठेवतो त्याच्यासाठी हे लिहितोय. बाबांच्या बाबतीत ते काम माझ्याकडे आलं. मी डॉक्टर नाही. गोळी कुठली, किती आणि कधीपर्यंत हे न्यूरोलॉजिस्टनी ठरवायचं. ठरलेलं पाळलं जातंय ना ते बघणं आणि कुठल्या वेळी फोन लावायचा हे ओळखणं, एवढं आपलं काम.

सगळ्यात आधी एक सांगतो. ही गोळी मनाने बंद करायची नाही, हे प्रत्येकाला कुणी ना कुणी सांगतंच. दोन गोळ्यांपैकी एक ठराविक मुदतीनंतर थांबवायची असेल तर ती मनाने चालूही ठेवायची नाही, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. त्याबद्दल तिसऱ्या पायरीत सविस्तर लिहिलंय.

१. आधी खात्री करा: झटका कशामुळे आला, गोळी कुठल्या गटातली

पक्षाघात दोन तऱ्हांनी होतो. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी गुठळीने बंद पडते, किंवा रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्त सांडतं. बहुतेक झटके पहिल्या तऱ्हेचे असतात. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल त्यांच्यासाठीच. दुसऱ्या तऱ्हेत हीच गोळी घातक ठरू शकते, म्हणून तर दवाखान्यात पाऊल ठेवताच आधी सीटी स्कॅन करतात.

रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून गुठळीची सुरुवात करतात. ही औषधं तो चिकटपणा कमी करतात. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेलचा परिणाम झालेली प्लेटलेट मरेपर्यंत तशीच राहते, आणि तिचं आयुष्य साधारण ७ ते १० दिवसांचं असतं. म्हणून गोळी बंद केल्यावरही परिणाम ओसरायला आठवडाभर लागतो. हे लक्षात ठेवा, ऑपरेशनच्या वेळी उपयोगी पडेल.

इथे एक घोळ हमखास होतो. हृदयाचे ठोके अनियमित असतील, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन असेल, तर गुठळी हृदयात तयार होऊन मेंदूत जाते. त्यासाठी वेगळ्या गटातली औषधं लागतात: वॉरफेरिन, ॲसिट्रॉम, डॅबिगॅट्रान, रिव्हारॉक्साबॅन, एपिक्साबॅन. लोक दोन्ही गटांना सरसकट ‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हणतात आणि एकाचे नियम दुसऱ्याला लावतात. वॉरफेरिन-ॲसिट्रॉमला आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणारी) तपासणी लागते, पालेभाजीचं प्रमाण रोज सारखं ठेवावं लागतं. ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेलला आयएनआर लागत नाही आणि पालक-मेथीचं वावडंही नाही. बाबांची मेथीची भाजी बंद करा, असा सल्ला भेटायला आलेल्या निम्म्या पाहुण्यांनी दिला. बाबांनी मेथी सोडली नाही आणि त्यांच्या डॉक्टरांनी ती सोडायला सांगितलंही नव्हतं.

तेव्हा पहिल्याच भेटीत विचारा: ‘झटका गुठळीचा होता ना? हृदयाचे ठोके तपासलेत का? ही गोळी प्लेटलेटवरची की दुसऱ्या गटातली?’

२. कागद एका जागी ठेवा

एक प्लास्टिकचं फोल्डर घ्या आणि त्यात हे ठेवा:

- डिस्चार्ज कार्ड आणि त्याची एक झेरॉक्स
- सीटी किंवा एमआरआयचा रिपोर्ट (फिल्म राहिली तरी चालेल, रिपोर्ट हवाच)
- ईसीजी, टूडी इको, मानेच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर, होल्टर (दिवसभर अंगावर लावून ठेवायचा ईसीजी) केला असल्यास तोही
- प्लेटलेटसह सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन, साखर, कोलेस्टेरॉल
- सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी, आयुर्वेदिक आणि होमिओपॅथीसकट
- बीपीची वही

शिवाय पूर्वी अल्सर, पोटातून रक्तस्राव, दमा, मूत्रपिंडाचा त्रास किंवा ॲस्पिरिनची ॲलर्जी झाली असेल तर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. हृदयाच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा पक्षाघात होऊन गेल्याचं न विचारता सांगा. प्रासुग्रेल नावाची याच गटातली गोळी हृदयरोगात वापरतात, पण पक्षाघात होऊन गेलेल्याला ती देत नाहीत.

३. दोन गोळ्या असतील तर दुसरी थांबवायची तारीख लिहून घ्या

झटका सौम्य असेल, किंवा लक्षणं थोड्या वेळात पूर्ण गेली असतील (ज्याला टीआयए किंवा मिनी स्ट्रोक म्हणतात), तर पुन्हा मोठा झटका येण्याचा धोका पहिल्या काही दिवसांत आणि आठवड्यांत सर्वाधिक असतो. म्हणून त्या काळात ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही देतात. चीनमध्ये ५ हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या ‘चान्स’ या अभ्यासात पहिले २१ दिवस दोन्ही गोळ्या दिल्या. २०१३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. फक्त ॲस्पिरिन घेणाऱ्या शंभरातल्या सुमारे १२ जणांना तीन महिन्यांत पुन्हा पक्षाघात झाला होता, दोन्ही घेणाऱ्यांत सुमारे ८ जणांना. २०१८ मध्ये आलेल्या ‘पॉइंट’ अभ्यासात दोन्ही गोळ्या तीन महिने दिल्या. तिथेही झटके कमी झाले, पण गंभीर रक्तस्रावाचं प्रमाण दुपटीच्या वर गेलं. एकूण आकडा लहानच होता, हेही सांगायला हवं. त्याआधी २००४ मध्ये ‘मॅच’ नावाच्या अभ्यासाने दाखवलं होतं की महिनोन् महिने दोन्ही गोळ्या चालू ठेवून पक्षाघात लक्षणीय कमी होत नाहीत, जीवघेणे रक्तस्राव मात्र वाढतात.

म्हणून आज सर्वसाधारण पद्धत अशी: सौम्य झटका किंवा टीआयए असेल तर २१ दिवस, काही जणांना ९० दिवसांपर्यंत दोन्ही, आणि मग एकच गोळी दीर्घकाळ. झटका मोठा असेल तर बहुधा सुरुवातीपासून एकच.

प्रत्यक्षात काय होतं? डिस्चार्ज कार्डावर दोन्ही गोळ्या लिहिलेल्या असतात, पुढे ‘कंटिन्यू’. तीन आठवड्यांनी फेरतपासणीला या असं सांगितलेलं असतं, पण गाव लांब, माणूस ठणठणीत, मग कशाला जायचं? मुलगा तोच कागद केमिस्टला दाखवून दर महिन्याला तीच औषधं आणतो. वर्ष-दोन वर्षं दोन्ही गोळ्या चालू राहतात आणि कुणाला पत्ताही नसतो. एक दिवस काळी शौच होते, हिमोग्लोबिन सातवर आलेलं असतं.

उपाय साधा आहे. डिस्चार्जच्या वेळीच विचारा: ‘डॉक्टर, दोन्हींपैकी कुठली गोळी थांबवायची आणि कुठल्या तारखेला?’ ती तारीख त्यांच्याकडूनच कागदावर लिहून घ्या. घरी आल्यावर कालनिर्णयवर त्या तारखेभोवती गोल करा. तारीख जवळ आली की फोन करून खात्री करा आणि मगच थांबवा.

एक सावधगिरी. शेजारच्या काकांच्या गोळ्यांशी तुलना करू नका. हृदयात स्टेंट बसवलेल्यांना दोन्ही गोळ्या सहसा सहा महिने ते वर्षभर लागतात. मानेच्या रक्तवाहिनीत स्टेंट असेल तर हिशेब वेगळा, मेंदूतलीच मोठी रक्तवाहिनी अरुंद झाली असेल तर आणखी वेगळा. स्टेंट असताना वेळेआधी गोळी थांबवणं म्हणजे स्टेंटमध्येच गुठळी व्हायला वाट मोकळी करून देणं.

४. केमिस्टच्या काउंटरवर डोळे उघडे ठेवा

आपल्याकडे जोडगोळ्यांचं पेव फुटलंय. इकोस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन. इकोस्प्रिन-एव्ही म्हणजे ॲस्पिरिन अधिक कोलेस्टेरॉलचं ॲटोर्वास्टॅटिन. क्लोपिटॅब-ए किंवा डिप्लॅट-ए म्हणजे क्लोपिडोग्रेल अधिक ॲस्पिरिन. इकोस्प्रिन गोल्डमध्ये तिन्ही. न्यूरोलॉजिस्टनी इकोस्प्रिन-एव्ही लिहिली आणि फॅमिली डॉक्टरांनी क्लोपिटॅब-ए, तर ॲस्पिरिन रोज दोनदा पोटात जाते. दोन्ही पाकिटांवर नावं वेगळी, रंग वेगळा, म्हणून लक्षात येत नाही.

ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरात मूळ औषध आणि मिलिग्रॅम छापलेले असतात. ते वाचा. प्रत्येक पाकिटावर काळ्या मार्करने मूळ नाव लिहायची सवय मला चांगलीच उपयोगी पडली: ‘ॲस्पिरिन ७५’, ‘क्लोपिडोग्रेल ७५’. पक्षाघातानंतर ॲस्पिरिनचा रोजचा डोस आपल्याकडे सहसा ७५ किंवा १५० मिलिग्रॅम असतो आणि क्लोपिडोग्रेलचा ७५. यापेक्षा वेगळा आकडा दिसला तर आधी विचारा.

केमिस्ट म्हणतो, ‘ती कंपनी नाही, हे सेमच आहे.’ बरेचदा असतंही. पण ‘सेम’ म्हणून ‘ए’ची गोळी ‘ए’विना, किंवा उलट, दिली जाते. मूळ नावं आणि मिलिग्रॅम तंतोतंत जुळले तरच घ्या.

आणि कापलेल्या पट्ट्या. दहा गोळ्यांची पट्टी कात्रीने कापून चार गोळ्या दिल्या की नाव एका तुकड्यावर जातं, मुदतीची तारीख दुसऱ्यावर. हातात उरतात चार निनावी पांढऱ्या गोळ्या. पूर्ण पट्टीच मागा. ही औषधं रोज लागणार आहेत, सुटी घ्यायची गरज नाही.

पैशाची ओढाताण असेल तर जनऔषधी केंद्रात ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही स्वस्तात मिळतात. जेनेरिक म्हणून कमअस्सल समजू नका. परवडत नाही म्हणून एक दिवसाआड गोळी घेणं, हा खरा धोका.

५. रोजची वेळ बसवा

प्रिस्क्रिप्शनवर ‘०-१-०’ असेल तर दुपारी, ‘०-०-१’ असेल तर रात्री. ॲस्पिरिन आपल्याकडे बहुधा दुपारच्या जेवणानंतर देतात. क्लोपिडोग्रेल जेवणाआधी की नंतर याने फारसा फरक पडत नाही, पण वेळ रोज एकच ठेवा. आठवड्याच्या सात कप्प्यांचा डबा घ्या आणि तो रविवारी भरा. गोळी घेतली की नाही यावर घरात होणारी वादावादी त्या डब्याने थांबते.

इकोस्प्रिनसारख्या गोळीवर एक आवरण असतं, ती पोटात न विरघळता पुढे आतड्यात विरघळावी म्हणून. ती कुटायची, चावायची किंवा अर्धी करायची नाही. त्याच वेळी जेल्युसिल किंवा डायजिनसारखं ॲन्टॅसिडही देऊ नका, त्याने आवरण आधीच विरघळू शकतं. झटक्यानंतर गिळताना ठसका लागत असेल किंवा नाकातून नळी असेल, तर घरच्या घरी खलबत्ता काढू नका. पाण्यात विरघळणारी ॲस्पिरिन मिळते, ती लिहून मागा.

गोळी विसरलात तर? त्याच दिवशी आठवली की घ्या. दुसऱ्या दिवसाची वेळ होत आली असेल तर राहू द्या. दोन एकदम घेऊ नका.

उपवासाचं सांगायलाच हवं. चतुर्थी, एकादशी, नवरात्राचे नऊ दिवस: ‘उपास आहे, गोळी उद्या’ असं म्हणणारी आई-आजी प्रत्येक घरात असते. गोळीने उपास मोडत नाही, हे पटवायला लागलं तर गुरुजींची मदत घ्या, डॉक्टरांपेक्षा लवकर काम होतं. खिचडी, वरईचे तांदूळ, दूध-केळं, काहीतरी पोटात गेल्यावर गोळी द्या. निर्जळी उपासाचा हट्ट मात्र झटका येऊन गेलेल्या माणसाने सोडलेलाच बरा, शरीरातलं पाणी कमी होणंही गुठळीला पोषकच.

वारीला किंवा मुलीकडे पंधरा दिवस जाणार असाल तर गोळ्या लागणार त्यापेक्षा आठवडाभर जास्त न्या. बसच्या डिकीतल्या बॅगेत नको, हातातल्या पिशवीत.

६. पोट सांभाळा, पण कुठल्या गोळीने ते विचारा

ॲस्पिरिन पोटाच्या अस्तराचं संरक्षण कमी करते. आवरण असलेल्या गोळीनेही हा धोका पूर्ण जात नाही, कारण परिणाम रक्तातून होतो. वय जास्त असेल, पूर्वी अल्सर झाला असेल किंवा दोन्ही गोळ्या चालू असतील, तर डॉक्टर सोबत ॲसिडिटीची गोळी देतात.

इथली खरी मेख क्लोपिडोग्रेलची आहे. ते पोटात जातं तेव्हा निष्क्रिय असतं. यकृतात त्याचं सक्रिय रूप तयार होतं. ओमेप्राझोल आणि एसोमेप्राझोल याच प्रक्रियेत अडथळा आणतात. म्हणजे ‘ओमेझ’ घरात असतेच म्हणून रोज सकाळी घेतली, तर पोट शांत राहील, पण क्लोपिडोग्रेलचा जोर कमी होईल. पँटोप्राझोलचा अडथळा बराच कमी, म्हणून बहुतेक डॉक्टर तेच लिहितात. केमिस्टने ‘पँटोप नाही, ओमेझ न्या’ असं म्हटलं तर नको म्हणा.

काही लोकांत जन्मतःच हे औषध सक्रिय करणारा घटक कमकुवत असतो. भारतीयांमध्ये हे विरळ नाही. गोळ्या नियमित घेऊनही पुन्हा झटका आला असेल तर याविषयी न्यूरोलॉजिस्टना विचारा. सगळ्यांनी उठून जनुकीय तपासणी करायची गरज नाही.

७. अंगदुखी, ताप, डेंग्यू आणि काढे

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, कारण दुखण्याची गोळी घेताना आपण काही ‘औषध’ घेतोय असं कुणाला वाटतच नाही.

गुडघे दुखतात म्हणून कॉम्बिफ्लाम, कंबर धरली म्हणून व्होव्हेरान, दाढ दुखते म्हणून झिरोडॉल-पी. कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेन आहे, व्होव्हेरानमध्ये डायक्लोफिनॅक, झिरोडॉल-पीमध्ये पॅरासिटामॉलसोबत ॲसिक्लोफिनॅक. ॲस्पिरिनच्या जोडीला ही औषधं गेली की पोटातून रक्तस्रावाचा धोका वाढतो. आयब्युप्रोफेन तर त्यावर आणखी कडी करतं, ॲस्पिरिन प्लेटलेटवर जिथे काम करते ती जागाच अडवतं. आणि डिस्प्रिनमध्ये ॲस्पिरिनच असते, रोजच्या डोसाच्या कितीतरी पट.

साध्या दुखण्याला आणि तापाला पॅरासिटामॉल, तेही यकृताचा त्रास नसेल तर आणि सांगितलेल्या प्रमाणात. गावात डॉक्टर कंबरेत इंजेक्शन टोचायला निघाले की आधी सांगा, ‘रोज ॲस्पिरिन चालू आहे.’ तिथे दुखण्याचं इंजेक्शन म्हणजे बहुधा डायक्लोफिनॅकच असतं.

पावसाळ्यात आणि त्यानंतर ताप आला की डेंग्यूची शंका घ्या. डेंग्यूत प्लेटलेट झपाट्याने उतरतात. त्यात प्लेटलेटचं काम रोखणारी गोळी चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. मग ती थांबवायची का? कधी थांबवतात, कधी नाही. प्लेटलेटचा आकडा किती आणि स्टेंट आहे का, यावर ते ठरतं. हा निर्णय घरी घ्यायचा नाही. तापाच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशीच सीबीसी करून डॉक्टरांना फोन करा आणि गोळीचं नाव आधी सांगा.

स्वयंपाकातली लसूण, हळद, आलं यांना घाबरू नका. लसणाच्या कॅप्सूल, कर्क्युमिन, जिंकगो, माशाच्या तेलाच्या गोळ्या, ‘ब्लॉकेज खोलणारा’ म्हणून बाटलीत विकला जाणारा काढा यांचं मात्र डॉक्टरांना सांगा. झटक्यानंतर नैराश्यासाठी गोळी चालू झाली असेल तर तीही यादीत लिहा. त्यातल्या काहींनी रक्तस्रावाची शक्यता थोडी वाढते. म्हणून ती बंद करायची असं नाही, डॉक्टरांना ठाऊक असायला हवं.

८. दात काढायचाय, मोतीबिंदू आहे, ऑपरेशन ठरलंय

साधा दात काढायला एकटी ॲस्पिरिन सहसा बंद करत नाहीत. टाके घालून, बोळा दाबून रक्त थांबवता येतं. मोतीबिंदूचंही बहुधा तसंच. मोठ्या ऑपरेशनसाठी क्लोपिडोग्रेल साधारण पाच दिवस आधी थांबवतात, कारण वर सांगितलेलं प्लेटलेटचं आयुष्य. ॲस्पिरिनबाबत ऑपरेशन कुठलं त्यावर ठरतं.

‘आठवडाभर बंद करून या’ असं दातांच्या दवाखान्यातल्या रिसेप्शनवरून सांगतात आणि लोक निमूटपणे बंद करतात. पक्षाघातानंतर पहिल्या काही महिन्यांत असं केल्याने नवीन झटका ओढवू शकतो. दोन डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला सांगा, किंवा न्यूरोलॉजिस्टकडून चिठ्ठी आणा. तिच्यात तीन गोष्टी हव्यात: थांबवायची का, कुठल्या दिवसापासून, पुन्हा कधी सुरू. तिसरी गोष्ट हटकून राहून जाते. ऑपरेशन होतं, टाके निघतात आणि गोळी सुरू करायचं कुणाच्या लक्षात नसतं.

तातडीचं नसलेलं ऑपरेशन पुढे ढकलता येत असेल तर तेही विचारून बघा.

९. रक्त दिसलं तर: कशाला घाबरायचं, कशाला नाही

दाढी करताना कापलं आणि रक्त थांबायला जास्त वेळ लागला, हातावर कारण नसताना छोटा निळा डाग आला, ब्रश करताना हिरडीतून थोडं रक्त आलं, तर हे अपेक्षितच आहे. मऊ ब्रश वापरा, वस्तऱ्याऐवजी ट्रिमर घ्या, पुढच्या भेटीत सांगा.

घोळणा फुटला तर डोकं मागे टाकू नका, रक्त घशात उतरतं. पुढे वाकून बसवा, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून दहा ते पंधरा मिनिटं घड्याळ लावून दाबून ठेवा. मधेमधे सोडून बघू नका. तरीही थांबलं नाही तर दवाखाना गाठा.

खालीलपैकी काहीही झालं तर वाट बघू नका:

- डांबरासारखी काळी, चिकट, दुर्गंधी शौच (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण अशी चिकट नाही, शंका असेल तर डॉक्टरांना दाखवाच)
- उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट चुरा
- लघवीत लाल रंग
- आधी कधी नव्हती अशी अचानक उठलेली भयंकर डोकेदुखी
- डोक्यावर पडणं, वरून जखम दिसत नसली तरी
- दम लागणं, चक्कर, चेहरा पांढरा पडणं. आतून हळूहळू रक्त जात असेल तर एवढंच दिसतं

न्हाणीघरात रबरी मॅट, संडासात धरायला दांडी, रात्री बोळात दिवा. डोक्यावर पडण्याचा प्रसंगच येऊ नये म्हणून.

१०. बीपी काबूत नसेल तर ही गोळी अर्धंच काम करते

ॲस्पिरिन चालू आहे म्हणून मीठ-लोणच्याकडे दुर्लक्ष करणारे बरेच. बीपी चढलेलं राहिलं तर नवी गुठळी होण्याचा धोका राहतोच, शिवाय प्लेटलेटवरचं औषध चालू असताना मेंदूत रक्तस्राव झाला तर तो जास्त पसरू शकतो. बहुतेकांसाठी १३०/८० च्या खाली असं उद्दिष्ट देतात, तुमचं वेगळं असू शकतं. दंडाला बांधायचं मशीन घ्या, मनगटाचं नको. पाच मिनिटं शांत बसवून मोजा आणि वहीत लिहा. कोलेस्टेरॉलची गोळी आणि साखरही तितकीच महत्त्वाची. तंबाखू आणि मिश्री बंद. मिश्री बायका धरतच नाहीत हिशेबात, पण तीही तंबाखूच.

११. पुन्हा झटका आल्यासारखं वाटलं तर

तोंड एका बाजूला झुकलं, एक हात किंवा पाय उचलेना, बोलणं अडखळलं, अचानक तोल गेला किंवा दिसेनासं झालं, तर वेळ बघून ठेवा आणि १०८ ला फोन करा. सीटी स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्यातच न्यायला सांगा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून ‘रात्रभर बघू’ हा पर्याय नाही. लक्षणं दहा मिनिटांत गेली तरी जायचंच.

आणि तोंडात ॲस्पिरिन कोंबू नका. हृदयविकाराच्या झटक्यात ॲस्पिरिन चघळायला देतात, त्याचे मेसेज मोबाइलवर सारखे फिरत असतात आणि घाईत लोक पक्षाघातालाही तेच करतात. झटका गुठळीचा की रक्तस्रावाचा हे स्कॅनशिवाय कुणालाच सांगता येत नाही. गिळता येत नसेल तर गोळी श्वासनलिकेत जायची भीती वेगळीच. पाणीही पाजू नका.

तसंच, बाबांना देतात म्हणून स्वतःला एक ॲस्पिरिन सुरू करू नका. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या १९ हजारांहून अधिक निरोगी ज्येष्ठांवर झालेल्या ‘ॲस्प्री’ अभ्यासात, २०१८ मध्ये, रोजच्या ॲस्पिरिनने त्यांना फायदा दिसला नाही, गंभीर रक्तस्राव मात्र वाढले. झटका येऊन गेलेल्यांचं गणित वेगळं आणि आपलं वेगळं.

दवाखान्यात पोचल्यावर पहिल्या पाच मिनिटांत विचारलं जातं: लक्षणं कधी सुरू झाली, कुठल्या गोळ्या चालू आहेत, शेवटची कधी घेतली. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असल्याने ते इंजेक्शन सहसा नाकारलं जात नाही. पण वॉरफेरिन, ॲसिट्रॉम किंवा डॅबिगॅट्रानच्या गटातलं काही असेल तर निर्णय बदलतो. म्हणून गोळ्यांची यादी फोल्डरमध्ये एक, फ्रिजच्या दारावर एक आणि घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. गोळी बदलली की तिन्हीकडे बदला, आणि फ्रिजवरची जुनी यादी काढून फाडून टाका.